बरणीतला पैलवान

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी मांजर पाळलं असेल, कुणी पोपट. मी काय पाळलं होतं, सांगू? कोळी! भिंतीवरचा टीचभर कोळी नव्हे हं. चांगला मुठीएवढा, काळपट तपकिरी आणि अंगभर केसच केस!

१९९१ सालचा पावसाळा होता. मी सहावीत होतो. आमचं गाव येडशीजवळ. आज आमच्या जिल्ह्याला धाराशिव म्हणतात, तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. आबा शेताचा बांध नीट करत होते. कुदळीच्या घावासरशी एक बीळ उघडं पडलं. आतून पांढरं रेशमी अस्तर आणि त्यात हे महाशय! आबांनी कुदळ उगारली.

"आबा, मारू नका! मी पाळतो त्याला."

"कोळी काय शेरडू हाय व्हय पाळायला?" आबा म्हणाले, पण कुदळ त्यांनी बाजूला ठेवली.

लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, झाकणाला भोकं पाडली, आत ओलसर माती भरली. आजीनं बजावलं, "घरात आणलास तर तुला बी गोठ्यातच निजावं लागंल." म्हणून बरणी गोठ्याच्या कोनाड्यात गेली. काडी लावली की तो पुढचे पाय उंच करायचा, जणू शड्डूच ठोकतोय. म्हणून त्याचं नाव पैलवान. रोज नाकतोडे पकडायचे आणि बरणीत सोडायचे. एक गोटी दिली की मित्रांना पैलवानाचं दर्शन!

दीड महिना मजेत गेला. मग पैलवानानं खाणं सोडलं. चांगले गुबगुबीत नाकतोडे दिले, पण तो बघेचना. आणि एके दिवशी सकाळी पाहतो तर काय? पैलवान उताणा! पाय वर, हालचाल नाही. सगळे म्हणाले, "मेला." मी खूप रडलो. आम्ही कडुलिंबाखाली खड्डा केला, त्याला आत ठेवलं, माती लोटली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. दगडावर जास्वंदीचं फूल.

पुढं बत्तीस वर्षं मी ही गोष्ट विसरलो होतो.

माझा एक भाचा ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला राहतो. तिथं परदेशी टॅरँटुला पाळायला बंदी आहे, त्यामुळे हौशी लोक तिथलेच पाळतात. त्याच्याकडे क्वीन्सलँडची मादी आहे. ही जात पाय पसरले की १६ सेंटीमीटरपर्यंत भरते. डिवचलं की तोंडाजवळचे राठ केस एकमेकांवर घासून फुसफुस आवाज काढते, म्हणून तिला तिकडे 'शिट्टी वाजवणारा कोळी' म्हणतात. चावली तर माणसाला दुखतं, मळमळतं. कुत्रा मात्र मरू शकतो. म्हणून भाचा तिला हातात घेत नाही. खोल ओलसर माती, पाण्याची वाटी आणि आठवड्याला एखाद-दुसरं झुरळ, एवढाच तिचा थाट.

२०२३ साली एकदा व्हिडिओ कॉलवर त्यानं पेटी दाखवली. ती उताणी पडली होती.

"अरेरे! गेली की रे तुझी," मी म्हणालो.

"नाही मामा! कात टाकतेय. काही तास अशीच पडून राहील. आधी काही दिवस खातही नाही. मेलेला कोळी असा नसतो, तो पाय पोटाखाली मुडपतो."

त्यानं कारणही सांगितलं. कोळी स्नायूंनी पाय आवळतो. पण लांब करायला त्याला मुख्यतः अंगातल्या द्रवाचा दाब लागतो. जीव गेला की दाब जातो आणि पाय मुडपतात.

मी गप्प झालो. माझ्या पैलवानाचे पाय तर वर होते! म्हणजे तो मेलाच नव्हता. नवं अंग घेऊन उठणार होता. आणि मी वर दगड ठेवला होता.

ऑस्ट्रेलियातच बार्बरा यॉर्क मेन नावाच्या संशोधक बाई होत्या. बिळाला मातीचं झाकण करणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास त्यांनी १९७४ साली सुरू केला. त्यांतली 'नंबर १६' ही मादी तब्बल ४३ वर्षं जगली, २०१६ पर्यंत! बाईंनी तिला बरणीत भरलं नाही. त्या तिच्या बिळापाशी जाऊन बघत. माझ्या पैलवानाला मी दीड महिना ठेवलं आणि तेवढ्यात त्याला काय हवं ते मला एकदाही कळलं नाही.

गेल्या पावसाळ्यात पुतणीला घेऊन रात्री त्याच बांधावर गेलो. बॅटरीच्या उजेडात एका बिळाच्या तोंडाशी दोन केसाळ पाय दिसले. ती कुजबुजली, "काका, घरी नेऊ या ना!"

"नको. त्याचं घर हेच आहे. आपणच पुन्हा येऊ."

दोस्तांनो, तुमच्या शिवारात असं बीळ दिसलं तर हात घालू नका, काडीही नको. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, बॅटरी घ्या आणि जरा लांब बसा. थोडी वाट पाहावी लागेल. पण तो बाहेर आला ना, की मला जरूर कळवा!