अर्धा गोंधळ

डबल बेस घरी आणायचा तर आधी दार मोजावं लागतं. वाद्य जवळपास सहा फूट उंच, आणि पोट असं की जुन्या वाड्याच्या चौकटीतून ते तिरपं करूनच आत जातं. निवृत्तीनंतर मुंबईचं बिऱ्हाड मोडून मी धाराशिवला आलो, तेव्हा टेम्पोतून उतरणारं हे धूड बघायला सगळी गल्ली लोटली होती. "काका, ह्या व्हायोलिनला कशाची बाधा झाली?" असं एका पोरानं विचारलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, पण पोरगं पुण्याला शिकायला गेलं.

मराठवाड्याचा उन्हाळा या वाद्याला सोसत नाही. मुंबईच्या दमट हवेत मुरलेलं लाकूड इथं एप्रिलात आकसतं आणि कडेचा जोड उकलतो. उकलतो हेच बरं. जोड सरसानं चिकटवलेले असतात ते एवढ्यासाठीच, की ताण आला तर लाकूड चिरण्याआधी सरसानं सोडून द्यावं. मग सरस गरम करून पुन्हा लावायचा. मी खोलीत पसरट पातेल्यांत पाणी भरून ठेवतो, खिडकीला वाळ्याचा पडदा लावतो. बायको म्हणते, एवढी बडदास्त मामंजींचीही झाली नव्हती.

हे वाद्य मला ज्यांनी शिकवलं ते मूळचे गोव्याचे, बार्देशातले, राहायला माहीमला. पण त्यांच्या दारात पोचलो तेव्हा माझं उजव्या हाताचं बोट आधीच घडलेलं होतं, आणि ते घडवलं होतं तुळजापूर तालुक्यातल्या एका गोंधळ्यानं. माझ्या डोक्यावर देणं आहे ते या दोघांचं. माहीमच्या अंकलचं फिटलं, त्याची पावती आहे. गोंधळ्याचं बाकी आहे, आणि ते बाकीच राहावं अशी तजवीज त्यानंच करून ठेवली होती.

आमचं गाव तुळजापूरहून नळदुर्गला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. कुलदैवत अर्थातच भवानी. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा, हे देवीचं देणं. तो झाल्याशिवाय कार्य पुरं झालं असं कुणी म्हणत नसे. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा आहेत. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, कदमराई तुळजाभवानीचे. आमच्याकडे यायचे ते कदमराई, आणि पिढ्यान्‌पिढ्या आमचं घर त्यांच्या वाट्याचं. सुगीत ते खळ्यावर यायचे आणि ज्वारी घेऊन जायचे. त्यात मागणं नसायचं, हक्क असायचा. त्यांच्यातला थोरला भाऊ नाईक, म्हणजे आख्यान सांगणारा, धाकटा तुणतुण्यावर. या धाकट्याला सगळं गाव नाना म्हणायचं.

गोंधळात घरच्या पोराला एक काम असतं, दिवटीला तेल घालायचं. त्यासाठी मी रात्रभर जागा असे, आणि जागा नानांच्या पायाशी. चौक मांडलेला, त्यावर कलश, वर ज्वारीच्या पाच ताटांचा मांडव. नाईक घोळदार झग्यात, गळ्यात कवड्यांची माळ. गावोगावच्या दैवतांना नाव घेऊन घेऊन गोंधळाला बोलावणं झालं की आख्यान सुरू व्हायचं. नाना मागं उभे. नाईकानं सोडलेली ओळ उचलायची, मधेच भाबडा प्रश्न विचारून लोकांना हसवायचं, आणि हे सगळं करताना हात तुणतुण्यावरून काढायचा नाही.

तुणतुणं बघायला काहीच नसतं. पोकळ लाकडी नळा, त्याच्या बुडाला ताणून बसवलेलं कातडं, नळ्याच्या बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या माथ्याला खुंटी. कातड्याच्या मधोमध अडकवलेली एकच तार नळ्यातून वर येऊन खुंटीला गुंडाळलेली. एक तार, एक सूर. नानांना पहाटेच्या सुमारास तंबाखू मळायची तल्लफ यायची, तेव्हा संबळाचा जोर चालू असताना ते तुणतुणं खाली बसलेल्या माझ्या हातात द्यायचे. तेवढीच माझी शाळा. गोंधळ्याचं वाद्य बाहेरच्या जातीच्या पोराच्या हाती द्यायचं, याचं त्यांच्या भावाला वावडं होतं. नाना म्हणायचे, "तमाकू मळस्तोवर धराय दिलंय, शिकवालो नव्हं."

पण शिकवत होतेच. "बोट लांबनं आणू नगंस. तारंला चिटकूनच ऱ्हाऊ दे, आन् तितनंच सोड." लांबून बोट आणलं की तार खणकते, आणि ठोका केसभर मागं पडतो. तारेला टेकलेलं बोट नुसतं सोडलं की नाद गोल येतो आणि वेळेवर येतो. हे वाचायला सोपं आहे. दुसरी गोष्ट खुंटीची. रात्र चढेल तसा थोरल्याचा गळा उतरायचा. तिसऱ्या प्रहराला वरचे सूर लागेनासे व्हायचे. अशा वेळी संबळ्या दणक्यात वाजवत असताना नाना खुंटीला अगदी किंचित पीळ सैल द्यायचे. सूर खाली यायचा, नाईक त्या सुरावर उतरायचा, आणि माणसं म्हणायची, काय गळा आहे, पहाटेपर्यंत तस्सा. नाईकाला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. नानांनी मला डोळ्यानं खुंटी दाखवली आणि तोंडावर बोट ठेवलं.

१९७२चा दुष्काळ आमच्या भागाला दोन वर्षं पुरला. आधीचाही पाऊस धड नव्हता. आण्णा आणि आई रोजगार हमी नव्हे, तेव्हा दुष्काळी काम म्हणत, त्या खडीवर जायचे. शाळेत सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, तांबडी अमेरिकन ज्वारी. तिची भाकरी थापताना आईच्या हातात ती तुटायची. अशात १९७३च्या वैशाखात भाऊचं लग्न निघालं, कारण मुलीकडच्यांनाही एक खाणारं तोंड कमी हवं होतं. लग्न पाचपन्नास माणसांत उरकलं. गोंधळाचं आण्णांनी नावच काढलं नाही. शिधा कुठून द्यायचा?

तिसऱ्या दिवशी सांजेला नाना आले. एकटेच. थोरला भाऊ सोलापुरात हमालीला गेलेला, संबळ्या आमच्याच खडीवर. काखेत तुणतुणं. म्हणाले, चौक मांडा. घरात गहू नव्हते, तांदूळ नव्हते. वहिनीनं, ती घरात येऊन तीन दिवसांची, मूठभर मिलो आणून दिला आणि नानांनी त्या तांबड्या दाण्यांचा चौक भरला. त्यांना आख्यान येत नव्हतं, निदान नाईकासारखं नाही. त्यांनी दैवतांना बोलावलं, एकेकाचं नाव घेऊन. एरवी ज्या आवाजात ते भाबडे प्रश्न विचारायचे त्याच आवाजात. मध्यरात्रीच्या आत दिवटीतलं तेल संपलं. नाना थांबले, तुणतुणं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "ह्यो आर्धा झाला. आर्धा तुमच्याकडं बाकी. पाऊस पडू द्या." आण्णांनी पुढं केलेला रुपया त्यांनी घेतला नाही. बाकी असताना दक्षिणा कशाची?

पाऊस त्याच वर्षी पडला. पुढं आमच्या घरात आणखी लग्नं झाली, पूर्ण गोंधळ झाले, नानांनी त्यांची दक्षिणा चोख मोजून घेतली. भाऊच्या अर्ध्याचा विषय आण्णांनी काढला की मात्र ठरलेलं उत्तर: "हाय की बाकी. कुटं पळून चाललाव का आमी?" आण्णा चिडायचे, त्यांना देणं ठेवून झोप येत नसे. आज मला वाटतं, नानांना पुढचं दिसत होतं. ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, खळी गेली, यंत्रातून थेट पोती निघायला लागली. सुगीचा वाटा कुणी बंद केला असं झालं नाही, तो उभा राहायची जागाच नाहीशी झाली. अर्धा गोंधळ बाकी होता म्हणून नाना मरेपर्यंत आमच्या ओट्यावर हक्कानं टेकत राहिले.

मी मुंबईला गेलो सरकारी कारकून म्हणून. माहीमला ज्या चाळीत जागा मिळाली तिथं खालच्या मजल्यावरून रोज संध्याकाळी एक आवाज यायचा. आवाज म्हणण्यापेक्षा फरशीतून तळव्यांना कळायचा. डबल बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. कान ऐकायच्या आधी हाडं ऐकतात. खाली जाऊन दार वाजवलं. बनियनवर एक म्हातारे गृहस्थ वाद्याला बिलगून उभे. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत उमेदीची वर्षं घालवलेले. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेली माणसं मुंबईच्या वाद्यवृंदांत भरली. शंकर-जयकिशनच्या भल्याथोरल्या वाद्यमेळांची मांडणी करणारे सेबास्टियन डिसोझा असोत की अँथनी गोन्साल्विस, सगळे त्याच वाटेचे. मी अंकलच्या दारात उभा राहिलो त्या काळात सिंथेसायझर आणि बेस गिटारनं या वाद्याचं काम काढून घेतलं होतं. अंकल तरी रोज वाजवायचे. कुणासाठी, असं मी विचारलं नाही.

त्यांनी मला उघडी तार छेडायला सांगितली. मी तर्जनी तारेला टेकवली आणि सोडली. ते माझ्या बोटाकडं बघत राहिले. "हे कोणी शिकवलं, बाबा?" मी म्हटलं, तुळजापूरच्या एका माणसानं. "बेस वाजवायचा?" नाही, म्हटलं, एका तारेचं वाद्य होतं. यावर ते खूप हसले आणि मला चहा दिला.

डाव्या हाताचा मात्र मी ठार अडाणी. चार तारा, एकीचा सा धरला तर पुढची तिचा मध्यम. पट्टीवर पडदे नाहीत, खुणा नाहीत. तार साडेतीन फुटांची, त्यामुळे खालच्या जागेत पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत हात पसरला तरी सगळा मिळून एकच पूर्ण स्वर पदरात पडतो, सा ते रे. तिसरं बोट तिथं स्वतंत्र वापरायचंच नाही, त्यानं करंगळीला रेटा द्यायचा. फ्रांत्स सिमांडल नावाच्या व्हिएन्नाच्या शिक्षकानं एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बसवली, आणि अंकलकडच्या त्याच्या पुस्तकाची पानं बिस्किटांसारखी झाली होती. अंगठा मानेच्या मागं, दुसऱ्या बोटासमोर, पण आवळायचा नाही. वजन खांद्यातून यायला हवं. माझी करंगळी सुजायची. कचेरीत फायलीवर सही करताना सहकारी विचारायचे, दारात सापडली का?

अंकल घाईचे शत्रू. आठवड्यामागून आठवडे त्यांनी एकाच तारेवर गज ओढायला लावला. म्हणायचे, बेस केसभर उतरला तर सगळा ऑर्केस्ट्रा बेसूर वाटतो, आणि शिव्या खातात व्हायोलिनवाले. बेसवर कुणाचा संशयच जात नाही. मला नानांची खुंटी आठवली. ती गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी दोनदा सांगायला लावली, आणि नंतर त्यांच्या वयाचे जुने वादक भेटायला आले की मला वरून हाक मारून "तो तुळजापूरचा किस्सा" ऐकवायला लावायचे.

अंकल हिशोबाला पक्के. त्यांच्याकडचा बेस मी विकत घेतला, हप्त्यांनी. प्रत्येक हप्ता वहीत, शेवटच्याला रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही. शिकवण्याचे पैसे घ्या म्हटलं तर म्हणाले, ते आम्हीही दिले नाहीत. मग अँथनी गोन्साल्विसांचं उदाहरण देत. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पुढं १९७७मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला तेव्हा लक्ष्मीकांत-प्यारेलालांच्या गाण्यात नायकाच्या तोंडी या गुरूचं नाव घातलं गेलं. सगळा देश ते नाव गुणगुणला आणि बहुतेकांना वाटलं, हे काल्पनिकच नाव. "नाव घेतलं की फिटलं," अंकल म्हणायचे. त्यांच्या नावाचा उल्लेख मी इथं करत नाही, कारण त्यांना छापून आलेलं आवडायचं नाही. तेव्हा तेवढं राहिलं म्हणायचं.

मागल्या वर्षी भाऊच्या नातवाचं लग्न ठरलं आणि गोंधळाची सुपारी द्यायला मी नानांच्या नातवाकडे गेलो. त्याच्याकडं आता साउंड सिस्टीम आहे, दोन गाड्या आहेत, मोबाईलवर तारखांची यादी आहे. बोली झाली, आगाऊ रक्कम त्यानं लगेच फोनवर घेतली. मग म्हणाला, "तुमच्याकडं एक आर्धा बाकी हाय न्हवं? आज्या सांगायचा." मी म्हटलं, आहे; लग्नाच्या गोंधळाला जोडूनच उरकून टाक. तो म्हणाला, जोडून नाही चालत, तो वेगळा. शिवाय त्यात नुसतं तुणतुणं, आणि तुणतुण्याला आता माणूस नाही. पोरं पॅडवर बसतात. "तुमी वाजवा की. आज्याचं तुणतुणं हाय घरात, कातडं तेवढं बदलून घिऊ."

घरी येऊन वहिनीला सांगितलं. भाऊ ऐकू येत नसल्यानं नुसता हसला. वहिनी आता सत्तरीला आली; तिला तो तांबडा चौक लख्ख आठवतो. तिनं आधी तारखेचं विचारलं, मग म्हणाली, "रातभर हुबं ऱ्हावं लागतंय त्यात. गुडघं हायीत का तुमचे?" बेस उभ्यानंच वाजवतात, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. "बरं. ह्या बारीला तेल जादा आणून ठिवा," म्हणाली आणि पोळ्यांकडं वळली.