आमचं काम, आमचे शब्द

नव्या सांगवीतल्या आमच्या घराची पुढची खोली हे आमच्या कारखान्याचं ऑफिस आहे. मशिनं भोसरी एमआयडीसीतल्या गाळ्यात. डिझाइन, कोटेशन, बिलं आणि इंटरनेटवरचं सगळं सांगवीत, माझ्याकडे. आम्ही चेकिंग फिक्स्चर बनवतो. गाडीचा वाकवलेला पत्रा, पाइप किंवा प्लास्टिकचा भाग ड्रॉइंगप्रमाणे उतरलाय की नाही, हे तो ज्यावर बसवून बघतात ते हे उपकरण. सासऱ्यांनी टूलरूममधल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा कामं ओळखीवर यायची. पर्चेसमधला माणूस एक कंपनी सोडून दुसरीत गेला की आमचं नावही त्याच्याबरोबर जायचं. आता चाकणच्या कंपन्यांमधली तरुण मंडळी आधी गूगलवर बघतात, मग फोन करतात. आणि गूगलवर आमच्याबद्दल जे दिसत होतं, ते आम्ही लिहिलेलंच नव्हतं.

कुणीतरी नकाशावर आमच्या फर्मची खूण टाकली होती, तीही सांगवीच्या घरावर. माल न्यायला आलेले टेम्पो आमच्या सोसायटीच्या दारात उभे राहायचे आणि सासूबाई ड्रायव्हरांना भोसरीचा रस्ता समजावून सांगायच्या. मी त्या नोंदीची मालकी मागितली. गूगलला व्हिडिओ हवा होता: रस्ता, पाटी, कुलूप उघडणारी किल्ली, आतली मशिनं, सगळं सलग. तो पाठवला, पडताळणी झाली, भोसरीचा पत्ता लागला आणि घराचा निघाला. एका सल्लागाराने नावापुढे 'चेकिंग फिक्स्चर मॅन्युफॅक्चरर, चाकण' असं जोडायला सांगितलं होतं. गूगलचा नियम आहे की पाटीवर जे नाव, तेच नोंदीत असावं. नियम नसता तरी मी ते जोडलं नसतं. चाकणला आमचा गाळा नाही, आणि असल्याचं दाखवून आलेलं गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत मन काढून घेतं.

डोमेन फर्मच्या नावावर, फर्मच्या ईमेलवर घेतलं. यात मी हट्टी होते. ओळखीच्या एका उद्योजकाचं डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर होतं. दोघांचं बिनसलं आणि त्यांना नव्या नावाने सगळं पुन्हा उभं करावं लागलं. दुसरे एक जण गूगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट साइटवर विसंबून होते. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइटच बंद केल्या.

मग लिहायला बसले. सर्च कन्सोल नावाचं गूगलचं फुकट साधन आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्या साइटपर्यंत आले, ते त्यात दिसतं. 'जागतिक दर्जाची सेवा' असं कुणीही शोधत नाही. लोक शोधतात बेंडिंग केलेल्या पाइपचं गेज, वेल्डिंगनंतरचं फिक्स्चर, सीएमएम या मोजणी यंत्राचा रिपोर्ट सोबत मिळतो का, कॅलिब्रेशन कोण करून देतं. मी पाहिलेल्या बऱ्याच साइटवर याची उत्तरं नव्हती. त्या साइट बनवणाऱ्याने लिहिलेल्या होत्या, फिक्स्चर बनवणाऱ्याने नाही.

संध्याकाळी चहा झाला की मी वही घेऊन सासऱ्यांसमोर बसायचे. त्यांना चाळीसेक वर्षांचं काम हातात पाठ आहे, पण ते कुणी कधी विचारलं नव्हतं. भाग आधी डेटम पॅडवर, म्हणजे मापाचा आधार असलेल्या टेकूंवर, नीट टेकला पाहिजे. क्लॅम्प लावायचा क्रम ठरलेला असतो, कारण क्रम बदलला तर पत्रा दाबाखाली वळतो आणि बिघडलेला भागसुद्धा बरोबर दिसतो. कडेला मुद्दाम ठरावीक फट सोडतात, पुष्कळदा ३ मिलिमीटरची, आणि तिच्यात टेपर गेज सरकवून फरक वाचतात. भोकांसाठी गो आणि नो-गो पिन: पहिली आत जायला हवी, दुसरी जाता कामा नये. भागाला जेवढा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात फिक्स्चर बसलं पाहिजे, नाहीतर चूक भागाची की फिक्स्चरची हेच कळत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीचं एकेक पान झालं. पर्चेसवाले इंग्रजीत शोधतात म्हणून ती पानं इंग्रजीत. पण पिना कशा पुसाव्यात, फिक्स्चर पावसाळ्यात गंजू नये म्हणून काय करावं, हे मराठीत, कारण रोज फिक्स्चर हाताळणारा ऑपरेटर ते वाचणार. पानं वर यायला महिने लागले. पण आता जो फोन येतो, तो माणूस अर्धं काम समजून घेऊन बोलतो.

फोटोंवरून मात्र घरात बराच खल झाला. फोटोग्राफरचा डोळा साहजिकच आमच्या सगळ्यात देखण्या फिक्स्चरवर गेला, आणि त्यावर ग्राहकाचा भाग बसवलेला होता. तो भाग, त्याचं ड्रॉइंग, त्यावरचा पार्ट नंबर हे सगळं ग्राहकाचं. गोपनीयतेच्या करारावर आमची सही आहे, आणि करार नसता तरी बाजारात न आलेल्या गाडीचा तुकडा आम्ही जगाला दाखवायचा नसतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात किती व्हेंडर मशिनवरचा चालू जॉब सहज स्टेटसला टाकतात, ते बघून मला भीती वाटते. सासऱ्यांनी तोडगा काढला. कुठल्याही गाडीत नसलेलं एक ब्रॅकेट त्यांनी स्वतः कागदावर काढलं, खाली सही आणि तारीख घातली. नवऱ्याने ते बनवलं, त्याचं फिक्स्चर बनवलं, आणि फोटो त्याचे काढले. ग्राहकांची ड्रॉइंग वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवायची नाहीत हेही तेव्हाच ठरलं. साइट बनवणारा मुलगा म्हणाला होता, रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये तो फोल्डर वगळू. पण १९९४ पासून चालत आलेली ती फाइल म्हणजे सर्च इंजिनांना केलेली विनंती आहे. सभ्य रोबोट ती पाळतात. बाकीच्यांना ती उघडून कोणता फोल्डर झाकलाय हे वाचता येतं.

आणि मग आमचंच उचललं गेलं. मी अधूनमधून आमच्या पानांतलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधते. एकदा परराज्यातल्या एका फर्मच्या साइटवर क्लॅम्पच्या क्रमाचं अख्खं पान सापडलं, 'आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये' या शब्दांसकट. वर फोटो सासऱ्यांच्या ब्रॅकेटचा. मला फार राग आला. त्या पानात त्यांचं आयुष्य होतं.

आधी त्या फर्मला साधं, नम्र पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग कायदा नीट वाचला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. मजकुराचं तसं नाही: बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलं तर हक्क त्याचा, लेखी हस्तांतर होईपर्यंत, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. आमचा मजकूर आम्हीच लिहिलेला होता. २०१३च्या कॉपीराइट नियमांत इंटरनेटवरच्या मध्यस्थाकडे लेखी तक्रार करायची सोय आहे. तक्रारीत तथ्य वाटलं तर त्याने ३६ तासांत ती सामग्री रोखायची. हा अटकाव २१ दिवसांचा, पुढे कोर्टाचा आदेश लागतो. मी साइट होस्ट करणाऱ्या कंपनीला तक्रार पाठवली आणि गूगलचा कॉपीराइटचा फॉर्म भरला. सोबत मूळ फोटो, आणि ब्रॅकेटचं सही-तारखेचं ड्रॉइंग. ग्राहकाचा भाग वापरला असता तर हे ड्रॉइंग मला कुणालाच दाखवता आलं नसतं. पान उतरलं.

नावाचीही काळजी घेतली. पुण्याच्या कॅम्पातल्या बर्गर किंगचा खटला आमच्याकडे सगळ्यांनी लक्ष देऊन वाचला. अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. पुण्यातलं दुकान त्याच नावाने १९९० च्या दशकापासून चालू होतं, तर त्या कंपनीची भारतातली रेस्टॉरंट २०१४ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, पुढे वाद वरच्या न्यायालयांत गेला. आधीपासूनचा वापर सिद्ध करायला कागद लागतात, म्हणून आमची पहिली बिलं, चलनं, जुन्या पाटीचा फोटो आता स्कॅन करून ठेवलेत आणि ट्रेडमार्कचा अर्जही केलाय.

रिव्ह्यूंबाबत घरात एकमत आहे. पैसे घेऊन पन्नास-शंभर चांगले रिव्ह्यू टाकून देतो असा निरोप येतो, तो मी पुसून टाकते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, ते अशाच प्रकारांमुळे. आमच्या कामगारांनाही लिहायला सांगत नाही. काम पोचून महिनाभर चाललं की ग्राहकाला एकदाच विचारायचं. एका अनोळखी नावाने एक तारा दिला होता. त्यावर लिहिलं, 'आमच्या नोंदीत या नावाने काम सापडत नाही. पीओ नंबर कळवलात तर आजच बघतो.' त्यापुढे एक शब्द नाही.

उचललेला तो फोटो एका व्यापारी डिरेक्टरीवर अजून दिसतो, त्याच परराज्यातल्या फर्मच्या नावाखाली. डिरेक्टरीच्या तक्रार अधिकाऱ्याला ड्रॉइंगची प्रत पुन्हा पाठवलीय, आणि या वेळी सासऱ्यांनी पत्रावर स्वतःची सही केलीय.