पाऊण तासाचा हिशेब

माझ्या आजोबांचं गणित पाऊणकीपर्यंत झालं होतं, आणि समुद्रावर जायला तेवढं पुरत होतं. घिवलीच्या किनाऱ्यावर उभं राहून ते आधी तिथी विचारायचे, मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचे. चतुर्थी? चार पाऊणे तीन. तीनच्या सुमारास भरती. अष्टमी? आठ पाऊणे सहा. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पुष्कळांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. लहानपणी मला तो हिशेब वाटलाच नाही. आजोबांना येणाऱ्या अनेक गोष्टींपैकी ती एक, जाळं शिवण्यासारखी.

पुढे मी गणिताचा शिक्षक झालो. बोईसरला शिकवण्या घेता घेता तीसेक वर्षं गेली. माझ्याकडे अणुवीज केंद्रातल्या कर्मचाऱ्यांची मुलं येतात, तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांची येतात, दांडी-घिवलीकडची, घरी बोट असलेलीही येतात. पालकांचा प्रश्न मात्र एकच असतो : "सर, अवघड गणितं जमायला रोज किती गणितं सोडवायला हवीत?" पहिली दहा वर्षं मी आकडा सांगायचो. वीस, पंचवीस. आता सांगत नाही.

आकड्यावरचा माझा विश्वास जुना होता. विद्यार्थी असताना मी गाइडं फस्त केली होती. प्रत्येक गणिताचा 'प्रकार' मला पाठ होता. मग एका स्पर्धा परीक्षेला बसलो. सहा प्रश्न आणि तीन तास. सहापैकी एकही माझ्या ओळखीच्या प्रकारातला नव्हता. प्रत्येक प्रश्नाला मी दोन-तीन मिनिटं दिली, ओळख पटेना म्हणून पुढे गेलो आणि शेवटी पुन्हा पहिल्याशी आलो. त्या दिवशी मला गणित आलं नाही हे खरं, पण त्याहून खरं हे की ओळख नसलेल्या गणितासमोर बसायचं कसं, हेच मला येत नव्हतं. हजार गणितं सोडवूनही एका गणिताजवळ मी कधी तासभर बसलो नव्हतो.

बसायचं कसं, ते मला एका विद्यार्थिनीनं शिकवलं. नववीतली होती. एकदा वर्गात मी आजोबांचा हिशेब सांगितला आणि म्हटलं, पंधराही तिथींचा तक्ता करा. मुलांनी भराभर केला. प्रतिपदा पाऊण, द्वितीया दीड, तृतीया सव्वादोन, असं करत पौर्णिमा सव्वाअकरा. बाकीच्यांनी वह्या मिटल्या. तिनं मात्र एक ओळ जास्त लिहिली होती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदा : पाऊण वाजता. आणि म्हणाली, "सर, रोज पंचेचाळीस मिनिटं वाढतात. मग सव्वाअकरावरून पाऊण? इथे दोन पायऱ्या एकदम चढल्या."

मी सवयीनं खडू उचलला. ती म्हणाली, "सर, सांगू नका ना."

मी खडू खाली ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही नीट सांगता आलं नसतं. ज्या हिशेबावर आमच्या घरच्या बोटी सुटायच्या, त्याला मी जन्मात कधी 'का' विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी ती आली. वहीची तीन पानं भरलेली, त्यातली दोन खोडलेली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : चंद्राचा पुरा फेरा 30 तिथींचा. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाची पुरी फेरी मारून, म्हणजे 24 तास सरकून, मूळ जागी येते. 24 तासांची मिनिटं 1440. त्यांना 30 ने भागलं की 48. म्हणजे भरती दर तिथीला 48 मिनिटं उशिरा यायला हवी. पाऊणकी धरते 45. रोजची तीन मिनिटं राहतात. पंधरा तिथींची झाली पंचेचाळीस. हरवलेला पाऊण तास तो हाच!

मग खाली आणखी एक ओळ : "दिवसातून दोनदा भरती येते म्हणून पंधरवड्यातच बारा तासांचा हिशेब जुळतो, नाहीतर महिनाभर थांबावं लागलं असतं."

आजोबा चुकत होते का? बोट सुटायला पाणी लागतं, मिनिटं लागत नाहीत. शिवाय 48 हीसुद्धा नुसती सरासरी. उधाणाच्या दिवसांत भरती रोज कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. ते का, हे विचारलं की सूर्यही हिशेबात येतो आणि गणित पुन्हा अवघड होतं. पाऊणकीचं मोल हे की ती जिभेवर बसते. पण मुलीनं त्या तक्त्याला एक ओळ जोडली नसती, तर हे काहीच दिसलं नसतं. तेव्हापासून मी मुलांना सांगतो : नियम मधे तपासू नका, कडेला तपासा. तो संपतो तिथे, पुन्हा सुरू होतो तिथे. तो गळत असेल तर तिथेच गळतो.

कडेची ही ओळ लिहायला हुशारी लागत नाही, हात लागतो. हे ज्याच्याकडून शिकावं असा माणूस आमच्याच भागात जन्मला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, 1905 सालचा. 1930 पासून 1962 पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. हाताशी कागद आणि आकडे, बस्स. डोंबिवली स्टेशनात सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव देऊन टाकलं. त्यांचा 1949 चा शोध आता जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा, ते तीन अंकीच आलं तर डावीकडे शून्य लावून. आमचं वीजकेंद्र सुरू झालं ते साल घेऊ, 1969. 9961 मधून 1699 गेले, उरले 8262. पुढे 6354, 3087, 8352, आणि मग 6174. तिथे गाडी थांबते, कारण 7641 मधून 1467 गेले तरी 6174 च उरतात. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174.

वर्गात हा खेळ सगळ्यांना आवडतो. अवघड गणित त्याच्या पुढे आहे : प्रत्येक वेळी असंच होणार हे कशावरून? हजारो संख्या तपासायच्या? मुलं दहा-वीस वजाबाक्या करतात, कंटाळतात, आणि त्या कंटाळ्यात कुणाला तरी दिसतं की प्रत्येक उत्तराला नवानं भाग जातो. मग दुसरा विचारतो, का? वजाबाकी अक्षरांत मांडली जाते. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकातला फरक 999 वेळा, मधल्या दोन अंकांतला फरक 90 वेळा. म्हणजे उत्तर चार अंकांवर अवलंबूनच नाही, फक्त दोन फरकांवर आहे. अशा जोड्या किती? मोजल्या की 54 भरतात. हजारोंचं काम चोपन्नावर आलं. एका रविवारी दुपारी पाच-सहा जणांत वाटून संपतं.

गणित लहान कधी झालं? उत्तर कशावर अवलंबून नाही, हे कळलं तेव्हा. आणि ते कळलं वीस कंटाळवाण्या वजाबाक्यांनंतर. त्या वीस वाचवायला मी आधीच फळ्यावर 999 लिहिलं असतं, तर मुलांना उत्तर मिळालं असतं आणि गणित माझ्याकडेच राहिलं असतं.

जॉर्ज पोल्या यांच्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या 1945 च्या पुस्तकात गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या आहेत, आणि चौथी आहे उत्तर आल्यावर मागे वळून पाहण्याची. आपल्याकडे उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि तिथेच गणित मिटतं. मी मुलांना रेघा मारू देत नाही. त्या जागी एक प्रश्न लिहायचा : आता हे मोडेल कुठे? आठवड्याला एकच अवघड गणित घ्यायचं. खोडरबर वर्ज्य, चुकलेली वाट दिसत राहिली पाहिजे. आणि निदान तीन दिवस कुणाला विचारायचं नाही, मलासुद्धा.

तेव्हा आता तुम्ही. कागद घ्या आणि कापरेकरांचा हाच खेळ तीन अंकी संख्येवर खेळा. तिथेही एका संख्येवर गाडी थांबते. ती थांबणारच, हे सिद्ध करायला किती प्रकार तपासावे लागतात, तेही शोधा. चोपन्नाहून खूप कमी आहेत. संख्या मला ठाऊक आहे, सांगत नाही.