उत्तरेचा उजेड

महालक्ष्मीच्या शक्ती मिल लेनमध्ये रिक्षातून नव्हे, टॅक्सीतून उतरायचं असतं, हे मायला दोनदा सांगावं लागलं. उतरल्यावर ती मान वर करून काहीतरी शोधू लागली. चिमणी. लक्ष्मी मिल असं नाव मी तिला गाडीतच सांगितलं होतं, आणि मिल म्हटली की चिमणी आलीच, हा तिचा अकोल्याचा हिशेब. चिमणी दिसली नाही. एका दाराशी पंचविशीची पोरं कागदी कपातून चहा पीत उभी होती, तिथंच माझा मुलगा आमची वाट पाहत होता.

तो नाटकांची प्रकाशयोजना करतो. एका पूर्ण नाटकाचं काम पहिल्यांदाच एकट्याच्या अंगावर घेतलं होतं, म्हणून आजीनं यायलाच हवं, असा त्याचा हट्ट. आदल्या रात्री मी बडनेऱ्याहून अंबा एक्सप्रेस धरली, माय अकोल्याला चढली. तिच्या पिशवीत नातवासाठी ज्वारीचं पीठ आणि ठेचा होता.

प्रयोग जी-फाइव्ह-एमध्ये होता. मिलच्या आवारातल्या गाळ्याचा क्रमांक, तोच संस्थेनं नाव म्हणून ठेवला. आत काळ्या खोलीचं नाट्यगृह आहे: पडदा नाही, ठरलेला मंच नाही, खुर्च्या नाटक मागेल तशा मांडायच्या. दिवे गेले आणि असा काळोख झाला की मला माझा हात दिसेना. तेवढ्यात मायची बोटं माझ्या तळव्यावर आली. दोन टिचक्या, मग मूठ. ही खूण मी लहानपणापासून ओळखते. ‘सगळं ठीक, थांब.’

ही भाषा जिनातली आहे. अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, मायनं बावीस हंगाम काढले. दिवाळीनंतर कापूस आला की काम सुरू, होळीच्या आसपास संपलं की संपलं. दोन्ही बाजूंनी यंत्रांची रांग आणि प्रत्येकीपुढं एक यंत्र. त्या आवाजात शेजारणीशीसुद्धा बोलता येत नसे, म्हणून बायकांनी बोटांची, ओठांची आणि भुवयांची आपली एक बोली केली. पोराला ताप आहे, मुकादम येतोय, आज चुकारा आहे, हे सगळं हातांनी सांगता येई. त्या आवाजानं मायचा डावा कान नेला. त्याची नोंद कुठं झाली नाही, भरपाई तर दूरची गोष्ट. आम्हीही घरात ते म्हातारपणावर ढकललं, हे मला आज लागतं.

जिनातलं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते अंगमेहनतीचं वाटतं. ते नजरेचंही आहे. यंत्रात चामड्याचे रोलर फिरतात, त्यांच्याशी सुरी खेळते. रोलर रुई ओढून नेतो, सुरी सरकी मागे पाडते. बाईनं कापूस पातळ, सारखा, खंड न पडू देता घालत राहायचा, आणि हात चालू ठेवूनच त्यातली पत्ती, काडी, किडक्या बोंडाची पिवळी कवडी वेचून बाजूला टाकायची. कवडी रुईत गेली तर गाठीचा भाव पडे. गाठ बांधून पुढं गेल्यावर कोणी जाणता माणूस चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी, बळ, रंग सांगायचा. या पारखीची सुरुवात यंत्रामागच्या बाईच्या नजरेपासून होते, पण तिला पारखी कोणी म्हटलं नाही.

आमच्या शहरांची घडण याच कामातून झाली. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. रूळ आले. ४ मार्च १८७० ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची शाखा खुली करायला जातीनं आला. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. रुळांच्या कडेनं जिनं उभी राहिली, प्रेस उभ्या राहिल्या. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. आपल्या उमरावतीचंच, म्हणजे अमरावतीचंच, हे व्यापाऱ्यांच्या तोंडातलं रूप. अंबादेवीच्या गावाचं नाव साता समुद्रापलीकडे रोज भावफलकावर लागत होतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर माय खुर्चीवरून उठेना. नातू येऊन पायाशी बसला. तिला नाटक कितपत ऐकू आलं असेल याची मला काळजी. ती त्याला म्हणाली, “थ्या पोरीच्या हातावर उजेड कुठून आणला रे? तोंड अंधारात अन् हात उजेडात.” त्यानं वर बांधलेला दिवा दाखवला. तिनं बराच वेळ तो पाहिला. मग विचारलं, “अथी आधी कोन काम करत होतं?” त्याला सांगता आलं नाही. मलाही नाही. गिरणीच्या जागेत उभं राहून तिथल्या माणसांविषयी एक वाक्यही बोलता येऊ नये, ही गोष्ट परतीच्या गाडीत रात्रभर माझ्याबरोबर होती.

दोष त्या नाट्यगृहाचा नाही. गिरणगावाच्या उरलेल्या जागांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप रीतसर मिटलाच नाही, कामगार पांगले, जमिनींवर मॉल आणि मनोरे चढले. त्या गर्दीत एका गाळ्यात कोणी नाटक, संगीत जपत असेल तर मला त्यांचे आभारच मानावेसे वाटतात. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेनं वस्त्रसंग्रहालयाचं काम हाती घेतलं, तेही बरंच. आणि नागपूरला? जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल आहे. नाव तेवढं राहिलं.

मुलानं मला जर्मनीतल्या लाइपझिगची छायाचित्रं दाखवली. तिथली सूतगिरणी १८८४ मध्ये निघाली आणि पुढं युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी झाली. १९९० नंतर ती बंद पडत गेली, आणि रिकाम्या दालनांत स्वस्त भाड्यानं चित्रकार येऊन राहिले. आज तिथं चित्रदालनं आहेत, पण जागेला लोक अजून ‘श्पिनराय’च म्हणतात. म्हणजे सूतगिरणी. छायाचित्रांतली उंच खिडक्यांची दालनं पाहताना तो म्हणाला, “चित्रकार इथं उगाच आले नाहीत. त्यांना असाच उजेड लागतो.” मग त्यानं गिरणीच्या करवती छपराची गोष्ट सांगितली. छपराचे दाते असे बसवतात की काच उत्तरेला यावी. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा, सावली न नाचवणारा उजेड येतो. तुटलेला धागा त्यात दिसतो. रंगाचा खरा रंगही त्यातच दिसतो. विणकराची आणि चित्रकाराची गरज एकच निघाली.

मग आमच्याकडे हे का नसावं? इमारती आहेत. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि मोहता मिल १९७४ च्या कायद्यानं राष्ट्रीयीकरण झालेल्या १०३ गिरण्यांत होत्या, आणि त्यांचे भोंगे कधीच थांबले. बडनेऱ्याची विजय मिल म्हणजे आता आठवण. अचलपूरला मुंबईची फिनले मिल आणून नव्यानं उभी केली तेव्हा वाटलं होतं, कापूस पिकतो तिथंच कापड होणार. २०२० च्या टाळेबंदीत ती बंद पडली. तिच्याबद्दल मला कलादालनाचं स्वप्न पाहायचं नाही. तिथल्या कामगारांना काम हवं आहे, आणि ज्या गिरणीत साचे चालू शकतात तिथं आधी साचेच चालावेत. मी बोलते आहे ते ज्यांची यंत्रं गेली, फक्त भिंती राहिल्या, त्या जिनांबद्दल. राज्य नाट्य स्पर्धेसाठी अमरावतीची, अकोल्याची मुलं शाळा सुटल्यावर वर्गातले बाक सरकवून तालमी करतात, आणि रुळांशेजारी चाळीस फूट रुंद छपरं कबुतरांना दिली आहेत. या जागा विकल्या जाण्याआधी कोणीतरी हे मोठ्यानं म्हणायला हवं.

मुलगा उन्हाळ्यात आला तेव्हा आम्ही तिघं मायच्या जिनात गेलो. फाटकावरचा म्हातारा चौकीदार म्हणाला, “कायले आल्या ताई? यंत्रं त कवाचीच गेली भंगारात.” तरी त्यानं कुलूप काढलं. आत थंड होतं. सरकीच्या तेलाचा जुना, गोडसर वास अजून भिंतींत होता. फरशीवर यंत्रांचे नट काढलेली भोकं, चार-चारांच्या खुणांनी, दोन सरळ ओळींत. माय एक एक खूण मोजत गेली आणि सातव्यापाशी थांबली.

मुलानं वही काढली. मंच कुठं घेता येईल, दिवे कुठल्या तुळईला बांधता येतील, तो मापं घेऊ लागला. पश्चिमेच्या भिंतीशी मंच घ्यावा असं त्याचं ठरत आलं होतं. माय तिथूनच म्हणाली, “तथी नको.”

तो वळला. ती सातव्या खुणेत उभी होती, पाठ उत्तरेच्या खिडक्यांकडे, दोन्ही हात कमरेइतके पुढे. खिडकीतला उजेड तिच्या खांद्यावरून येऊन बरोबर तिच्या हातांवर पडला होता.

“दुपारून तिकडून ऊन येते, डोये दिपते,” ती म्हणाली. “आम्ही अशाच उभ्या राहो. उजेड मांगून आला का हातातली कवडी दिसते. लोकायले माह्या बाजूनं बसवजो, अन् काय दाखवाचं थे अथी पुढं दाखवजो.”

त्यानं वहीतलं पान उलटलं आणि नवीन आराखडा सातव्या खुणेपासून काढायला घेतला.