सोवळे वेगळे, स्वच्छता वेगळी : मेक्सिकोतल्या गाड्यांवर जेवताना

मेक्सिकोला निघालो तेव्हा ओळखीच्या जवळपास प्रत्येकाने एकच सल्ला दिला : रस्त्यावरचे काही खाऊ नका. का खाऊ नये, असे विचारले की उत्तरे दोन प्रकारची येत. पहिले उत्तर, पाणी बाधेल, पोट बिघडेल. दुसरे उत्तर, "कोण बनवतं, कशात काय घालतं, कुणाचा हात कुठं लागतो, काही कळत नाही." पहिल्या उत्तरात जंतूंची भीती आहे. ती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. दुसऱ्या उत्तरात माणसाची भीती आहे. ही दुसरी भीती आम्ही चांगली ओळखतो, कारण आमच्या आजीला गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळत असे. तो कप धुतला जातो की नाही याची हॉटेलवाल्याला फिकीर नव्हती. कप वेगळा आहे ना, एवढेच तो पाहत असे.

आपल्याकडे या दोन भीती इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत की सोवळे बिनदिक्कत स्वच्छतेचा वेष घेऊन फिरते. मेक्सिकोत तीन आठवडे गाड्यांवर जेवताना आम्हाला त्या दोन्ही सुट्या करून पाहता आल्या. तिथे चांगली गाडी कशी शोधायची, हे सांगता सांगता आम्हाला तेच मांडायचे आहे.

समाजकार्याच्या एका अभ्यासदौऱ्यासाठी आम्ही मेक्सिको सिटी, पुएब्ला आणि ओआहाका या तीन शहरांत राहिलो. खिसा बेताचा होता. तीन वेळा हॉटेलात बसून जेवणे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. मेट्रो स्टेशनच्या तोंडाशी, मंडईच्या कडेला, दवाखान्यासमोर, बांधकामाजवळ, जिथे माणसे राबतात तिथे गाडी आहे. तिथे तिला पुएस्तो म्हणतात.

चांगली गाडी शोधायची तर आधी घड्याळ पाहावे. सकाळी तामालची वेळ. मक्याचे भिजवलेले पीठ मक्याच्याच सालात गुंडाळून उंच पातेल्यात वाफवतात, सोबत आतोले म्हणजे मक्याची गरम पेज. मेक्सिको सिटीत हाच तामाल पावात घालून देतात. कामावर निघालेल्या माणसाला तो दुपारपर्यंत पुरतो. आपल्या वडापावाचा तो चुलतभाऊच म्हणायला हवा. त्यानंतर सायकलवर टोपली बांधलेले टाकोवाले दिसतात. बटाटा, घेवड्याची उसळ अशी सारणे भरलेले मऊ टाको कापडात गुंडाळलेले असतात. त्लास्काला राज्यातले एक अख्खे गाव या टोपलीतल्या टाकोंसाठी प्रसिद्ध आहे. रविवारी सकाळी बार्बाकोआ, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात घायपाताच्या जातीतल्या मागेच्या पानांत रात्रभर शिजवलेले मेंढीचे मटण. अंधार पडला की उभ्या सळईवर फिरणारे, शेकोटीपुढे भाजले जाणारे डुकराचे मांस, त्याला अल पास्तोर म्हणतात. ज्याची जी वेळ त्या वेळी ते ताजे. संध्याकाळी पाच वाजता कुणी बार्बाकोआ विकत असेल तर पुढे चालू पडावे.

दुसरी गोष्ट, कोण खाते आहे ते पाहावे. गर्दी कुठल्या प्रकारची आहे याला महत्त्व आहे. गवंडी, परिचारिका, सफाई कामगार, शाळेच्या गणवेशातली मुले घेऊन उभी असलेली आई, अशी माणसे जिथे रोज येतात तिथला माल शिळा राहूच शकत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला आजारी पडणे परवडत नाही. एक दिवस पोट बिघडले तर एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून गाडीची सर्वांत कडक परीक्षा तोच घेतो. प्रवासवर्णनांतले तारे-बिरे आम्ही बाजूला ठेवले आणि गवंड्यांच्या मागे रांगेत उभे राहिलो. तीन आठवड्यांत पोटाने एकदाही तक्रार केली नाही.

तिसरी गोष्ट, हात पाहावेत. चांगल्या गाडीवर पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळा असतो. प्लास्टिकच्या ताटलीवर पातळ पिशवी चढवलेली असते. तुमचे खाणे झाले की पिशवी काढून टाकतात आणि पुढच्यासाठी नवी चढवतात. कचरा वाढतो हे खरे, पण जिथे नळ नाही तिथे ताटली स्वच्छ ठेवण्याचा तो उपाय आहे. तवा तापलेला असावा, पदार्थ तुमच्या डोळ्यांदेखत तव्यावरून उतरावा. कच्चा कांदा, कोथिंबीर आणि दोन रंगांच्या चटण्या झाकलेल्या आहेत का, तेही पाहावे. पाणी बाटलीचेच प्यावे. एवढे केले की जंतूंच्या भीतीचा हिशेब बहुतेक चुकता होतो. या यादीत कुठेही 'बनवणारा कोण' हा प्रश्न आलेला नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. स्वच्छता तपासायला डोळे पुरतात. आडनाव विचारावे लागते ते फक्त सोवळ्याला.

चौथी गोष्ट, रोटी पाहावी. तिथली रोटी म्हणजे तोर्तिया, मक्याची. बाईच्या शेजारी ओल्या पिठाचा गोळा असेल आणि ती हाताने थापून तव्यावर टाकत असेल, तर दुसरीकडे जायची गरज नाही. मेक्सिको सिटीत अशा बायका निळ्या मक्याचे त्लाकोयो विकतात. लांबट आकार, आत घेवड्याचे किंवा बाकल्याच्या शेंगेतल्या दाण्यांचे वाटण, वर निवडुंगाच्या पानांची भाजी आणि थोडे चीज. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी शहराच्या कडेच्या गावांतून पहाटे बादल्या, टोपल्या घेऊन येतात. अनेक मूळ रहिवासी समाजांतल्या आहेत. ज्यांना मांस खायचे नाही त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की घेवड्याच्या वाटणातही डुकराची चरबी असू शकते. विचारले की बाया सरळ सांगतात.

या ओल्या पिठामागे मोठे शास्त्र आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन मग दळतात. याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे साल सुटते, पीठ लवचीक होते आणि मक्यात अडकून राहिलेले नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका नेला, पण ही कृती नेली नाही. परिणामी स्पेन, उत्तर इटली आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग पसरला. ज्या बायकांना अडाणी ठरवले होते त्यांच्या हातात हे ज्ञान हजारो वर्षे होते.

आणि त्यांना अडाणी ठरवले होतेच. स्पॅनिश राज्यात गव्हाचा पाव हे साहेबांचे अन्न आणि मका हे 'इंडियनां'चे. स्वातंत्र्यानंतरही वरच्या वर्गाच्या डोक्यातून हे गेले नाही. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारण्याने एक पुस्तक लिहिले आणि मानवजातीचे गहू, तांदूळ आणि मका खाणारे असे तीन भाग पाडले. प्रगती करणारे फक्त गहू खाणारे, मका खाणारे मागास, असा त्याचा सिद्धांत. अन्नाची उतरंड लावायची आणि तिच्यावर माणसांची उतरंड रचायची, ही युक्ती आपल्याला नवी आहे का? सात्त्विक, राजस, तामस हे शब्द ऐकत आपण मोठे झालो आहोत. पुढे २०१० साली मेक्सिकोच्या याच पारंपरिक खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली. २०२४ साली मेक्सिको सिटीतल्या एल कालिफा दे लेओन या छोट्याशा टाको दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला. बुल्नेसचा सिद्धांत आज कुणी उघडपणे मांडत नाही.

आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो मात्र मांसाच्या पाट्यांनी. जीभ, गाल, भेजा, डोळा, आतडी, पोट, रक्ताचे सॉसेज, सगळे गाडीच्या कपाळावर ठळक रंगीत अक्षरांत लिहिलेले. सूट घातलेला बाबू आणि त्याच्या कार्यालयाचा पहारेकरी शेजारी शेजारी उभे राहून आतडीचा टाको खातात. आपल्याकडे वजडी, रक्ती, मुंडी, पाया हे आपल्या आयांनी मोठ्या कसबाने रांधले, पण डब्यात ते शाळेत नेता आले नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघराला ग्रंथात जागा दिली, ती २०१५ साली. तोवर मराठी पाकपुस्तकांच्या लेखी आपण जेवतच नव्हतो! मेक्सिकोतल्या त्या पाट्या वाचताना आम्हाला कळले की पदार्थात लाज नसते. लाज बाहेरून आणून त्यात घातली जाते.

गाडीवर आणखी दोन रीती दिसल्या. खाऊन झाल्यावर विक्रेता विचारतो, किती झाले? तुम्ही सांगाल तो आकडा, त्यावर हिशेब. आणि निघताना अनोळखी माणूसही शेजाऱ्यांना 'प्रोव्हेचो' म्हणतो, म्हणजे तुमचे अन्न तुमच्या अंगी लागो. कोण, कुठला, हे न विचारता.

म्हणून मेक्सिकोत समता नांदते असे कुणी समजू नये. गाडीवरून हाक येते ती 'ग्वेरो' किंवा 'ग्वेरिता' अशी. अर्थ, गोऱ्या! आमच्यासारख्या काळ्यासावळ्या गिऱ्हाइकालाही ती हाक आली. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून त्याला गोरा म्हणायचे, एवढ्यावरून त्या समाजात रंगाची किंमत काय ते कळते. मूळ रहिवासी बाईच्या हातचा त्लाकोयो चवीने खाणारी माणसे 'इंदिओ' हा शब्द शिवी म्हणूनही वापरतात. गाड्यांवर पोलिसांची टाच येते. २०२२ साली मेक्सिको सिटीच्या क्वाउतेमोक विभागात प्रशासनाने गाड्यांवरची हाताने रंगवलेली चित्रे आणि अक्षरे पुसायला लावून त्या जागी आपले बोधचिन्ह लावले. अन्न वारसा ठरले, पण ते बनवणाऱ्या हातांना रस्त्यावर उभे राहण्यासाठी अजून झगडावे लागते.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलन'मध्ये बजावले होते की सहभोजनाने जात मरत नाही. मेक्सिकोतले आमचे निरीक्षण त्याला दुजोराच देते. पण म्हणून कुणाच्या हातचे खावे हा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही. कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलापुढे गाडी थांबवून चहा घेत, तेव्हा त्यांना चहाची तहान लागलेली नसे. एका दलित माणसाचा धंदा उभा राहावा, त्याला गिऱ्हाईक मिळावे, यासाठी ते चारचौघांत तो चहा पीत. खाणे आणि धंद्याला पाठबळ देणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच कपात केली.

तरुण मित्रांनी कुठेही प्रवासाला जावे, मेक्सिकोला जावे किंवा परभणीला. तवा तापलेला आहे का, हात स्वच्छ आहेत का, पाणी कुठले, हे जरूर तपासावे. त्यापुढचा प्रश्न मनात आला तर तो स्वच्छतेचा नाही हे ओळखावे. आणि जिथे पोटभर जेवलो ती गाडी नगरपालिका उचलायला आली, तर २०१४ चा पथविक्रेता कायदा त्या विक्रेत्याच्या बाजूने काय सांगतो ते आपल्याला माहीत असावे. पैसे दिले म्हणून आपण सुटलो असे होत नाही.

जय भीम!