रक्ताची साक्ष आणि घरचा न्याय

कांहीं रोगांचीं नांवें आपल्या घरांतून मोठ्यानें उच्चारलीं जात नाहींत. क्षयाविषयीं माजघरांत कुजबुजत कां होईना, पण बोलणें होतें. ‘गरमी’ हा शब्द मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवावयाचा अशी आपली रीत. या रीतीचें मूळ मर्यादेंत आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या रोगाचें नांव घ्यावयाचें नाहीं त्यावर उपचार तरी कसा करावयाचा, हा प्रश्न मर्यादेनें सुटत नाहीं. म्हणून त्या रोगाच्या रक्तपरीक्षेविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या जुन्या ग्रंथकारांस हा संकोच नव्हता. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें ‘भावप्रकाशां’त या रोगास ‘फिरंग’ असें नांव देऊन, तो फिरंगी लोकांच्या संसर्गानें होतो, असें स्पष्ट लिहिलें आहे. उपचार पाऱ्याचा व चोपचिनीचा. युरोपांतही शतकानुशतकें पाराच चाले, व रोगाबरोबर रोगीही खंगत जाई. १९०५ मध्यें शॉडिन व हॉफमन या जर्मन संशोधकांस मळसूत्रासारखा पिळदार असा या रोगाचा जंतु दिसला, आणि पुढच्याच वर्षीं वासरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तावरून रोग ओळखण्याची परीक्षा बसविली.

हल्लीं दवाखान्यांतून जी ‘व्ही. डी. आर. एल.’ परीक्षा होते, ती १९४६ मधील. तिची रीत मोठी सुबोध आहे. रक्त सांकळूं देऊन वरची पिवळसर लस घेतात, व ती ५६ अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवतात. मग काचेच्या पट्टीवर तिच्या थेंबांत बैलाच्या हृदयांतून काढलेल्या स्निग्ध द्रव्याचें मिश्रण घालून, पट्टी मिनिटास १८० फेऱ्यांच्या गतीनें ४ मिनिटें फिरवितात. सूक्ष्मदर्शकाखालीं कणांच्या गुठळ्या दिसल्या तर ‘रिअॅक्टिव्ह’, न दिसल्या तर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या परीक्षेंत जंतु पकडला जात नाहीं; शरीरांत कांहीं मोडतोड झाल्यावर रक्तांत जीं द्रव्यें उत्पन्न होतात, त्यांची ती खूण आहे. आणि तशीं द्रव्यें हिंवताप, कुष्ठ, कांहीं संधिरोग, म्हातारपण, किंबहुना नुसतें गरोदरपण, यांतही क्वचित् उत्पन्न होतात. आम्ही पाठशाळेंत न्यायशास्त्राचीं जीं चार पानें शिकलों, त्यांत सव्यभिचार नांवाचा एक हेत्वाभास होता. जो हेतु साध्य असेल तेथेंही आढळतो व नसेल तेथेंही आढळतो, त्यावरून अनुमान बांधूं नये. ही पहिली परीक्षा एकटी घेतली तर अशीच सव्यभिचार आहे. व्यभिचार असतो तो हेतूचा. लोक तो सुनेच्या माथीं मारतात!

हें शब्दचातुर्य नव्हे. मध्यंतरीं आमच्या पेठेंतील एक जुना विद्यार्थी, आतां स्वतः सासरा झालेला, सायंकाळीं आमच्याकडे आला. सुनेस तिसरा महिना. पहिल्याच तपासणींत कागदावर ‘रिअॅक्टिव्ह’ आलें होतें. घरांत तिचें ताटपाट निराळें झालें होतें, आणि तिच्या वडिलांस ‘घेऊन जा’ म्हणून कळवावयाचें ठरत होतें.

आम्हीं विचारलें, “चिरंजीवांचें रक्त तपासलें का?”

तो खालीं पाहून म्हणाला, “तें कोणाच्या मनांतच आलें नाहीं, गुरुजी.”

“आणि खात्रीची दुसरी परीक्षा?”

“तीही नाहीं.”

“म्हणजे अर्ध्या वर्गाची, तीही एकाच विषयाची परीक्षा घेऊन तूं निकाल लावलास. शाळेंत आम्हीं असें केलें असतें तर तुझे वडील भांडावयास आले असते.”

दुसऱ्या दिवशीं नवराबायको दोघेंही डॉक्टरांकडे गेलीं. कोणाच्या रक्तांत काय निघालें हें सांगणें विश्वासघाताचें होईल. उपचाराचा जो भाग होता तो वेळेवर झाला, सून माहेरीं गेली ती रीतीप्रमाणें बाळंतपणासाठींच, व नातवंड सुखरूप आहे, इतकें पुरे.

खात्रीची जी परीक्षा, ‘टी. पी. एच. ए.’, ती त्या जंतूविरुद्ध उत्पन्न झालेल्या द्रव्यांचाच शोध घेते. ती नकारार्थी आली तर पहिला कौल बहुधा फसवा ठरतो. होकारार्थी आली तरी रोग आजचा कीं पूर्वीं बरा झालेला हें तीवरून कळत नाहीं, कारण उपचारानंतरही ती बहुधा जन्मभर होकारार्थी राहते. आणि कोणाकडून कोणास, हें तर कोणतीच परीक्षा सांगत नाहीं. उलट, संसर्ग ताजा असेल तर पहिले कांहीं आठवडे रक्त निर्दोषही दिसतें. सारांश, रक्त साक्ष देतें. न्याय देत नाहीं. ताटवाटीनें तर हा रोग पसरतच नाहीं.

स्त्रीलाच आरोपी करण्याची खोड घरापुरती नाहीं. १८६८ मध्यें इंग्रज सरकारनें सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यांत तपासणीची सक्ती वेश्यांस होती, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांस नव्हती. १८८८ मध्यें तो रद्द झाला, पण त्याची वृत्ति गेली असें म्हणवत नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून असले विषय उघड मांडले, व त्यापायीं अश्लीलतेच्या आरोपाखालीं न्यायालयांतही उभे राहिले. त्यांचीं सर्व मतें आम्हांस पटतात असें नाहीं. परंतु अज्ञान म्हणजे शील नव्हे, हा त्यांचा आग्रह आम्हांस शिरसावंद्य वाटतो.

कारण येथें प्रश्न अब्रूचा नसून गर्भाचा आहे. मातेचा रोग उपचारावांचून राहिला तर निम्म्याहून अधिक वेळां गर्भपात, मृत अपत्य किंवा रोगी अपत्य असा अनर्थ ओढवतो. उपाय मात्र १९४३ पासून सिद्ध आहे: पेनिसिलीन. रोग नवा असेल तर एक वेळचें इंजेक्शन, जुना असेल तर आठवड्याच्या अंतरानें तीन. प्रसूतीच्या निदान एक महिना आधीं हें झालेलें बरें; म्हणून परीक्षा पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी. शेजारच्या श्रीलंकेनें २०१९ मध्यें मातेकडून अपत्यास होणारा हा संसर्ग जवळजवळ नाहींसा करून जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळविली.

आमच्या पेठेंतील तालमींतून रक्तदानाचीं शिबिरें होतात. तेथें दिलेल्या प्रत्येक बाटलीची या रोगासाठीं परीक्षा होते, व त्यांत कोणा तरुणास अपमान वाटत नाहीं. परक्यासाठीं जें आनंदानें करितों, तें आपल्या होणाऱ्या अपत्यासाठीं करण्यास लाज कां वाटावी? घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंति इतकीच: सुनेस तपासणीस पाठवाल तेव्हां तिच्याबरोबर मुलासही पाठवा, दोघांचेही कागद एकत्र आणवा, आणि ते वाचण्याचें काम डॉक्टरांवर सोडा.