पाठीचे दुखणे आणि मिरजेची वाट

वाचकहो, पंढरपूरकडून मिरजेकडे येणाऱ्या गाडीत आपण कधी बसलात, तर सहप्रवाशांच्या हातांकडे अवश्य पाहा. सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ अशी एकेक स्थानके मागे पडतात आणि डब्यात एक्स-रेची मोठी पाकिटे वाढत जातात. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील माणसे आपली दुखणी घेऊन या गावाची वाट धरत आली आहेत. गेल्या हिवाळ्यात त्याच गाडीत मी माझ्या सासूबाईंना घेऊन बसले होते.

त्यांचे वय बहात्तर. आठ महिन्यांपूर्वी नळावरची भरलेली बादली उचलताना पाठीत कळ आली, ती गेलीच नाही. ‘वय झाले, आता दुखायचेच,’ हे उत्तर आम्ही इतक्या ठिकाणी ऐकले की, शेवटी तेच निदान मानू लागलो. वेदनाशामक गोळ्या झाल्या, कमरेचा पट्टा झाला, कोणाच्या सांगण्यावरून जोराचे मालीशही झाले. सांगोल्यापासून मिरजेपर्यंत त्या बाकावर आडव्या होऊनच आल्या. बसले, उभे राहिले की कळ. पाठ टेकली की आराम. हे आम्ही घरी रोज पाहत होतो. परंतु ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे, असे कोणाच्याच मनात आले नव्हते.

मिरजेच्या डॉक्टरांनी आमची जाडजूड फाईल बाजूला ठेवली आणि आधी विचारले, “आजी, दुखणे कधी सुरू झाले? त्या दिवशी काय करत होता?” ताप येतो का, वजन घटले का, रात्री झोपेतून जाग येते का, पायांत बधिरपणा आहे का, असे एकेक विचारून झाल्यावर त्यांनी प्रश्न केला, “उंची कमी झाल्यासारखी वाटते का?” सासूबाई हसल्या. मी मात्र दचकले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत फडताळाच्या वरच्या फळीवरचा मेतकुटाचा डबा त्या सहज काढत असत. आता मला हाक मारतात. डॉक्टरांनी कण्यावरून हलकेच बोट ठोकत नेले. एका मणक्यापाशी त्या कळवळल्या.

उभ्याने, बाजूने काढलेला एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या गेल्या. अहवाल संध्याकाळी मिळणार होते. सासूबाईंना लॉजच्या खोलीत आडवे करून, सोबतीला नणंदेला बसवून मी सतारमेकर गल्लीत गेले. पंढरपूर भागातले भोपळे येथे येतात आणि त्यांचे तंबोरे होतात. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. घोडीवर हलकेच कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे. पुन्हा कानस, पुन्हा ऐकणे. घाई नव्हती. सकाळी डॉक्टर असेच ऐकत होते, हे तेथे उभी असताना मनात आले.

संध्याकाळी उलगडा झाला. हाडे ठिसूळ झाल्याने एक मणका पुढच्या बाजूने दबला होता. क्षयरोग किंवा गाठ यांची लक्षणे नव्हती. तरी खात्रीसाठी एमआरआय आणि हाडांच्या घनतेची तपासणी झाली. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचे कार्य व दात तपासून सुरू केलेले हाडे बळकट करणारे औषध आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, एवढ्यावर निभावले. मालीश बंद, वाकून ओझे उचलणे बंद. मात्र दिवसचे दिवस अंथरुणावर पडून राहणेही बंद, कारण त्याने हाडे आणखी दुबळी होतात.

आपल्या घरी असे दुखणे असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक कागद लिहा: दुखणे कधी व कशाने सुरू झाले, कशाने वाढते, कशाने थांबते, कोणती औषधे चालू आहेत. चालताना पाय भरून येतात आणि बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते, हेही लिहा; मज्जारज्जूची वाट अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. ताप, घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स सांगायला विसरू नका. पायांतली शक्ती जाऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी तुंबली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच घटकेला रुग्णालय गाठा.

सासूबाई आता सकाळी देवळापर्यंत चालत जातात. पाठ अधूनमधून दुखते, पण तिचे कारण आम्हांला ठाऊक आहे. मेतकुटाचा डबा आम्ही खालच्या फळीवर आणला. दाराच्या चौकटीवर नातवंडांची उंची मोजण्यासाठी पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्यांच्या शेजारी आता आजीचीही एक रेघ आहे. दर सहा महिन्यांनी आम्ही ती पाहतो.